कोरड्या धरणातली डोलकाठी

उस्मानपुरा, औरंगाबाद
एप्रिलचा शेवटचा आठवडा, २०१६

तीर्थस्वरूप श्रीरंगदादा यांच्या चरणी सदाशिवचा साष्टांग नमस्कार.

साष्टांग हा शब्द वाचून तुम्ही चष्मा पुसून पुन्हा वाचाल, हे मला ठाऊक आहे. रिवाजाप्रमाणे मी तुमच्या घरचा जावई, म्हणजे वाकायचं काम तुमच्या बाजूचं, आणि गेली सेहेचाळीस वर्षं त्या हक्कात मी कधी कुणाला सूट दिलेली नाही. आज मात्र मी स्वखुशीनं लोटांगण घालतो आहे (कागदावरच, जमिनीवर घातलं तर उठवायला दोन माणसं लागतात). कारण यथावकाश कळेल, घाई करू नये. पत्र लांब आहे. चहा करून घ्यावा आणि वहिनींना शेजारी बसवू नये, कारण त्यांना एकटं हसता येत नाही, चारजणींना फोन करून हसतात.

तुमची साखर ताब्यात असेल, वहिनींची कंबर सरळ झाली असेल, आणि तुमच्या गोव्यात नेहमीप्रमाणे गरजेपेक्षा जास्त पाणी असेल, असं धरून चालतो. इकडचं क्षेम विचाराल तर नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, त्यामुळे आम्ही वारांची नावं विसरलो. 'पाण्याचा दिवस' आणि 'बाकीचे दिवस' एवढ्यावर आमचं कॅलेंडर चालतं. दुष्काळाचं हे तिसरं वर्ष. नाथसागरात आता फक्त मृतसाठा उरला आहे असं रोज पेपरात येतं, आणि त्याच पेपराच्या मागच्या पानावर बीड बायपासच्या नव्या इमारतींच्या जाहिराती असतात, प्रत्येक इमारतीला पोहण्याचा तलाव. तलाव झालेत, निळ्या फरशाही बसल्यात, आत मुलं क्रिकेट खेळतात. माझी तब्येत तशी बरी. फक्त ती चक्कर आहेच. डॉक्टरांनी स्टुलावर चढायलासुद्धा बंदी घातली आहे, त्यामुळे जळमटं काढायचं काम तुमच्या बहिणीकडे गेलं आणि ती त्याचा उल्लेख दिवसातून दोनदा करते. हे वाक्य लक्षात ठेवू नये.

फोन न करता पत्र का, असं तुम्ही म्हणाल. आमच्या घरात दोन खोल्या, आणि द्वारकेचे कान तिसऱ्या खोलीतलं ऐकतील असे. व्हॉट्सअ‍ॅपचं म्हणाल, तर ओवीनं आपल्या सगळ्यांचा जो ग्रुप काढून दिला आहे, त्यावर मागे मी फक्त तुमच्यासाठी म्हणून लिहिलेला वहिनींच्या आमटीबद्दलचा मजकूर सत्तावीस लोकांनी वाचला. तेव्हापासून महत्त्वाच्या गोष्टी मी शाईनं लिहितो.

तर विषय ओवीच्या डोलकाठीचा. तुम्हीच त्या पोरीला हे वेड लावलंत. आमची एकुलती एक नात सुट्टीला तुमच्याकडे काय आली आणि फळीवर उभं राहून, हातात शीड धरून वाऱ्यावर पाण्यात फिरायला काय शिकली. आम्ही समजलो होतो की गोव्याहून पोरगी काजू आणेल. ती पुण्याच्या हॉस्टेलवर गेली तीही वाऱ्याचा वेग सांगणारं यंत्र घेऊन. मग गेल्या दिवाळीत तिनं जाहीर केलं की मेच्या तिसऱ्या आठवड्यात गोव्यात स्पर्धा आहे, आपलं नाव गेलं आहे, आणि या वेळी उसन्या सामानावर उतरायचं नाही. गेल्या वर्षी ऐन शर्यतीत उसनी काठी दुसऱ्याच मापाची निघाली आणि ती शेवटून दुसरी आली. हे सांगताना तिचा आवाज बसला होता. एकोणीस वर्षांच्या आयुष्यात तिनं आमच्याकडे हट्ट म्हणून मागितलेली ही पहिली वस्तू. त्यामुळे घ्यायचं तर ठरलं. प्रश्न नवं की जुनं एवढाच होता.

आता दादा, तुम्हाला आमचं घर माहीत आहे. आम्ही जुन्याचे लोक. माझी स्कूटर जुनी घेतलेली, फ्रीज जुना, पेटी जुनी (तिच्या काळी चार पट्टीनं माझं गाणं खराब केलं), कपाटाच्या दारावर तर अजून आधीच्या मालकाचं नाव आहे. तुमची बहीण म्हणते, या घरात तेवढी मीच एक कोरी आले. अशा माणसाला दुष्काळात जुनं शीड मिळत असेल तर तो नवं कशाला घेईल? आणि मिळत होतं! पैठणच्या अलीकडे धरणाच्या काठावर एक जलक्रीडा केंद्र निघालं होतं. ते निघालं आणि पाणी गेलं. सामान तसंच पडून, सांभाळायला साहेबराव नावाचे एक गृहस्थ. माझा हिशोब सरळ होता: कूलर थंडीत घ्यावा, स्वेटर उन्हाळ्यात, आणि शिडाची फळी दुष्काळात. तुम्ही फोनवर सांगितलंत, की फळी आणि शीड जुनं चालेल, पण नीट बघून. काठी मात्र शक्यतो नवी घ्या. शिवाय तुम्ही ते भाषण दिलंत, जे मी डायरीत उतरवून ठेवलं आहे: काठी शिडाला जुळली पाहिजे, लांबीनं, ताठपणानं आणि वाकण्याच्या तऱ्हेनं, काठीत कार्बन जितका जास्त तितकी ती हलकी आणि चपळ, आणि तितकीच नाजूक, तिला वाऱ्याची भीती नाही, दगडाची आहे. या शेवटच्या वाक्याखाली मी तेव्हाच लाल रेघ मारली होती. ती रेघ आज माझ्याकडे बघते आहे.

मग तुम्ही विचारलंत, चालवणाऱ्याचं वजन किती. त्यावरून काठी किती ताठ घ्यायची ते ठरतं म्हणे. ओवी दिवाळीला घरीच होती, तिला रद्दीवाल्याच्या काट्यावर उभी केली. बावन्न. मग फोन चालूच होता म्हणून तुम्ही गमतीनं म्हणालात, द्वारकेचंही करा, न जाणो. त्यावर तुमच्या बहिणीनं जो चेहरा केला तो फोनवरून दिसला नाही हे तुमचं नशीब. तिनं आपलं वजन आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला नाही, डॉक्टरांना नाही. दवाखान्यातल्या काट्यावर चढताना ती हातात पर्स, छत्री आणि भाजीची पिशवी धरून चढते, म्हणजे आकडा कुणाच्या नावावर टाकायचा यावर वाद राहतो.

केंद्रावर आम्ही तिघं गेलो. साहेबरावांनी फळ्या काढल्या. मी तुमच्या सांगण्याप्रमाणे अंगठ्यानं दाबून कुठं मऊ लागते का पाहिलं (आंबे घेण्याचा चाळीस वर्षांचा अनुभव कामी आला), शीड उन्हात धरून कुठं पिवळं, कडकडीत झालंय का पाहिलं, आणि दोन्ही गोष्टी पसंत केल्या. काठीच्या बाबतीत मात्र मी तुमचा सल्ला बाजूला ठेवला, हे आज कबूल करतो. काळीभोर, चकचकीत, चार मीटरची, दोन तुकड्यांत मधोमध सांधा असलेली, ओरखडा म्हणाल तर औषधाला नाही. सराफाची दुर्बीण मी मुद्दाम मागून नेली होती, ती डोळ्याला लावून मी काठीभर फिरलो. लग्नाच्या बैठकीत मुलाकडचा मामा फिरतो तसा. पंचांगाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मी काठीचं आणि शिडाचं गुणमीलनही तिथंच मांडलं (आमचे आजोबा लासूर स्टेशनचे जोशी, तेवढं रक्तात आहे): लांबीला नाडी धरली, ताठपणाला गण, वाकण्याला योनी. छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले. एकनाड नव्हती. मी घ्या म्हणणार, एवढ्यात द्वारका पुढं झाली, काठी आडवी मांडीवर घेतली आणि बोटाच्या पेरानं टकटक करत खालून वर गेली. सांध्याच्या वर वीतभर आल्यावर थांबली. तिथं आवाज बद्द येत होता. पुन्हा वाजवली, पुन्हा बद्द. म्हणाली, हा माठ असता तर मी घेतला नसता. साहेबरावांचा चेहरा पडला आणि मग त्यांनीच कबूल केलं, की ही काठी एकदा जेटीच्या दगडावर पडली होती, वरून दिसत नाही, पण आतून गेली असेल. 'बाई, मी धा वर्सं ह्या कामात हाय,' ते म्हणाले, 'पर असं कान लावून काठी घेणारं गिऱ्हाईक नाय पायलं.' ओवीनं आजीला मिठी मारली. माझ्या दुर्बिणीकडे कुणी पाहिलं नाही.

म्हणून नवी काठी. ती तुम्हीच ओळखीच्या दुकानातून निवडून बसनं पाठवलीत, त्याबद्दल वेगळे आभार मानत नाही, कारण थोड्या वेळानं तुम्हालाच ते परत करावेसे वाटतील. काठी आली त्या दिवशी द्वारकेनं तिला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला (काठीवर नाही, काठीपुढं), आणि ओवी पुण्याला गेल्यावर सगळं सामान मे महिन्यापर्यंत आमच्या स्वाधीन झालं. फळी गॅलरीत उभी राहिली. शेजारच्या लीलाबाईंनी ती इस्त्रीची समजून दोनदा मागितली. मार्चमध्ये उन्हं तापल्यावर फळी गच्चीत गेली आणि तिच्यावर कुरडया पडल्या. मी विरोध केला नाही. इतकी लांब, सपाट आणि धुवायला सोपी वस्तू या घरात दुसरी नव्हती, आणि कुरडया सुरेख वाळल्या. तुमच्यासाठी डबा बाजूला ठेवला आहे.

काठी मात्र आम्ही जपली. पण पाडव्याला आमची नेहमीची वेळूची काठी मधेच उभी चिरलेली निघाली, आणि सकाळी सात वाजता दुसरी कुठून आणणार? द्वारका गॅलरीकडे बघायला लागली. मी 'नाही' म्हणायच्या आत तिनं तांब्या काठीच्या टोकावर बसवूनही पाहिला. इतका घट्ट बसला, की बनवणाऱ्यानं मापच घेतलं असावं. मग काय विचारता! उस्मानपुऱ्यात त्या दिवशी आमच्याइतकी उंच गुढी नव्हती. तेरा फूट, काळी कुळकुळीत, वर द्वारकेचा अंजिरी शालू, कडुलिंब आणि साखरगाठी. वाऱ्यानं शालू फुगला की काठी डौलात वाकायची आणि पुन्हा सरळ व्हायची. खालून जाणारी माणसं मान वर करून थांबत होती. मीही खाली जाऊन रस्त्याच्या पलीकडून दोनदा पाहून आलो.

इथं आमची पहिली चूक झाली, आणि ही चूक जगातल्या कुठल्याही शिडाच्या दुकानदाराच्या स्वप्नात आली नसती. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचा कूलर गळत होता. अख्ख्या गल्लीत त्या महिन्यात आभाळाकडून पडलेलं पाणी तेवढंच, आणि ते दिवसभर नेमकं आमच्या साखरगाठींवर ठिबकलं. गाठी विरघळल्या, पाक काठीवरून ओघळला, थेट मधल्या सांध्यात उतरला आणि उन्हानं वाळून दगड झाला. तुम्ही बजावलं होतं, की सांध्यात वाळू गेली तर दोन तुकडे सुटत नाहीत. पाकाबद्दल बोलला नव्हतात. संध्याकाळी गुढी उतरवली तर काठीचे दोन तुकडे एक झालेले. मी एका टोकाला, द्वारका दुसऱ्या टोकाला, असा आम्ही आठवडाभर रोज अर्धा तास जोर केला. इतका एकोप्यानं संसारात कधी जोर लावला नसेल. गरम पाण्यानं सुटली असती, पण आठव्या दिवशी येणारं पाणी काठीला पाजायचं, हे कुणालाच पटेना. सांध्यावर मुंग्यांची रांग मात्र लागली, आणि मी आशा त्यांच्यावर ठेवली.

या अखंड काठीवर शीड चढतं तरी का, ते बघायला हवं होतं. तुम्हीही फोनवर म्हणाला होतात, स्पर्धेआधी एकदा जमिनीवर सगळं जोडून बघा. म्हणून गेल्या गुरुवारी आम्ही जीप केली, तेरा फुटांची काठी टपावर बांधली, मागच्या टोकाला लाल फडकं लावलं, आणि साहेबरावांकडे निघालो. पैठण रस्त्यावर एका हवालदारांनी थांबवून विचारलं, ही कसली काठी. मी म्हणालो, शिडाची. त्यांनी कोरड्या कालव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि जाऊ दिलं. माझ्या वयाचा त्यांनी मान ठेवला असावा.

दादा, तुम्ही नाथसागर भरलेला पाहिला आहे. आता बघवत नाही. जिथवर नजर जाईल तिथवर भेगाळलेला गाळ, मधेच ओलसर पट्टे, लांब कुठंतरी ताटलीएवढं पाणी चमकतं. पाण्याखाली गेलेल्या गावांची जोती वर आली आहेत, एक जुनी विहीर कठड्यासकट उघडी पडली आहे. आजूबाजूच्या लोकांनी उघड्या गाळात टरबुजं लावली आहेत, कारण तेवढीच जमीन ओली. पाणी आलं की इथं आपली नात फिरणार, असं दिवाळीत आम्ही म्हणत होतो. वारा मात्र काय सुटला होता! पाणी गेलं म्हणून वाऱ्यानं काही गाव सोडलेलं नाही.

साहेबरावांनी शीड चढवलं. चढलं. काठी अशी काही वाकली, की या जोडीला मी पंचांग न उघडताच छत्तीस गुण देऊन टाकले. शीड फळीवर उभं केलं आणि त्यात वारा भरला, तशी फळी जमिनीवरच सरकायला लागली. तिथंच कडुबा नावाचा एक टरबूजवाला आपली हातगाडी घेऊन उभा होता. गाडीला स्कूटरची रबरी चाकं, समोर मैलभर सपाट वाळलेला गाळ. आता तुम्हीच सांगा, कुणाच्या मनात आलं नसतं? (कुणाच्या मनात आधी आलं, त्या तपशिलात आपण शिरू नये.) 'थांबा वो सायेब, आधी टरबुजं उतरू द्या,' एवढंच कडुबा म्हणाला. टरबुजं उतरली, फळी हातगाडीवर दोरखंडानं आवळली, काठी तिच्या खोबणीत बसवली, आणि मी वर चढलो.

होय, मी. घटनेची सर्व जबाबदारी माझी आहे, हे इथं स्पष्ट लिहितो. मी पदर कमरेला खोचला (इथं खाडाखोड झाली आहे, रुमाल असं वाचावं), दोन्ही हातांनी शिडाचा दांडा धरला आणि साहेबरावांनी सांगितलं तसा मागे कललो. आणि दादा, गाडी निघाली! आधी हळू, मग कडुबाच्या चालीनं, मग सायकलच्या वेगानं, मग चाकांचा आवाजच येईना, नुसता कानात वारा. भेगा खालून पळत होत्या. आयुष्यभर स्वयंपाकघर ते गॅलरी (म्हणजे माझ्या बाबतीत बँक ते घर) असा प्रवास केलेल्या माणसाला एकदम कळतं, की आपल्याला कुणी ढकलत नाही, ओढत नाही, आणि तरी आपण चाललोय. मी मोठ्यानं हसत होतो. तीनशे पावलं तरी गेलो असेन. मागून कुणीतरी 'अगं, सांभाळ!' असं ओरडत धावत होतं ('अहो, सांभाळा' असंही असेल, वाऱ्यात नक्की कळत नाही).

हातगाडीला ब्रेक नसतो, आणि वळण तर तिच्या कुंडलीतच नाही. ती सरळ त्या जुन्या विहिरीकडे निघाली. विहिरीच्या अलीकडे ओला गाळ लागला, चाकं रुतली, गाडी जागच्या जागी थांबली. काठी थांबली नाही. ती शिडासकट पुढं गेली आणि विहिरीच्या दगडी कठड्यावर आदळली. एकच आवाज आला. त्या आवाजात बद्द काही नव्हतं. सांध्याच्या वीतभर वर काठीचे दोन तुकडे झाले, आणि गंमत बघा, पाकानं चिकटलेला सांधा मात्र जसाच्या तसा. चालवणाऱ्याला खरचटलंसुद्धा नाही, गाळात नुसती बसकण. कडुबा धावत आला, त्यानं आधी गाडी बघितली, मग माणूस. 'माझी गाडी टरबुजाला हाय, हवा खायाला नाय,' असं तो म्हणाला, पण रागावला नाही. एक टरबूज फोडून आम्हाला दिलं. ते आम्ही कठड्यावर बसून खाल्लं. लई गोड होतं, आणि बिया थुंकताना आम्ही दोघंही काठीकडे बघायचं टाळत होतो.

शीड आता अविवाहित म्हणून आमच्या पलंगाखाली आहे. काठीचे दोन तुकडे सतरंजीत गुंडाळून कपाटावर ठेवलेत. रोज ओवीचा मेसेज येतो, काठी कशी आहे, उन्हात ठेवू नका. आम्ही उत्तर देतो, सावलीत आहे. ते खोटं नाही.

पत्र संपवतो. विशेष काही मागणं नाही, सहज क्षेमकुशल कळवावं म्हणून लिहिलं. वहिनींना नमस्कार. आमटीचं मनावर घेतलं नसेलच.

आपला आज्ञाधारक (हेही पहिल्यांदाच),
सदाशिव

ता. क. : ओवी दहा मेला पुण्याहून येते, सामान घेऊन बाराला तुमच्याकडे निघते. त्याआधी तंतोतंत तशीच काठी, चार मीटरची, तेवढ्याच ताठपणाची, तेवढ्याच कार्बनची, बसनं पाठवावी. वर 'पडद्याचा रॉड' असं लिहावं. तिच्यासारखी न मिळाल्यास शिडाला जुळेल अशी कुठलीही, पण शेवटून दुसरी येण्याची पाळी त्या पोरीवर पुन्हा आणू नका. पाया पडतो. लोटांगण त्यासाठी होतं.

ता. क. २ : ओवीला यातलं अक्षरही कळता कामा नये. मी हे तुम्हाला कळवलं, हे द्वारकेलाही कळता कामा नये. तिला मी सांगितलंय, की दादांना आंब्यांचं विचारतोय.

ता. क. ३ : घरात डिंक संपला आहे. पाकीट भाताच्या शितांनी चिकटवायला द्वारकेकडे देतो आहे. आत बघणार नाही असं तिनं शपथेवर सांगितलं आहे.

दादा,

शपथ मी भात शिजायच्या आधी घेतली होती. पत्र दोनदा वाचलं. अक्षर चांगलं आहे, बाकी सगळं खोटं आहे.

गाडीवर हे चढले होते खरे, पण गाडी हलायच्या आधी चक्कर आली म्हणून कडुबानं उतरवलं. चढले ती मी. हातगाडीची कल्पना माझी, पदर माझा, काठी माझ्या हातून मोडली. तीनशे पावलंही खोटं. परत येताना मी मोजली, चारशे दहा भरली. ज्यांना स्टुलावर चढायची बंदी आहे, ते हे तुझे जावईबापू 'अगं, सांभाळ' करत माझ्यामागे ती चारशे दहा पावलं धावत आले, आणि मी गाळात बसले होते तिथं येऊन धापा टाकत पहिलं वाक्य काय म्हणाले, तर कुणी विचारलं तर सांगू की मीच मोडली, तू गप्प बस. मग दहा पानं लिहिली, माझं नाव येऊ नये म्हणून. मला वाचतानाच रडू आलं, पाकीट चिकटवताना पुन्हा येईल, म्हणून शितं जरा ओली लागतील.

ओवीपासून लपवणं मला जमत नाही. परवा हे दूध आणायला गेले तेव्हा मी तिला फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं आता रडते. मग म्हणाली, आजी, किती लांब गेलीस? मी सांगितलं. म्हणाली, पहिल्याच वेळी? मी तर पहिल्या दिवशी उभीच राहू शकले नव्हते. काठीचं दुःख तिला झालं, ते मला आवाजात कळलं, पण ओरडली नाही. तेव्हा तिची नवी काठी दहा मेच्या आत आलीच पाहिजे. त्यात काटकसर नको, पडद्याचा रॉड वगैरे लिहायचं नाही, सरळ तिच्या नावानं पाठव. हे विचारतील तर ओवीला काही माहीत नाही असंच सांग, तीही मेसेज मुद्दाम तसेच पाठवते आहे. इतके कष्ट केलेत, त्यांना आनंद घेऊ दे.

आणि दादा, पाऊस कधीतरी पडेल, धरण कधीतरी भरेल. तेव्हा ओवी मला पाण्यावर शिकवणार आहे, तिनं कबूल केलंय. म्हणून त्याच पार्सलमध्ये अजून एक काठी पाठव. ती जुनी चालेल, पण वाजवून घे.

वजन चौऱ्याहत्तर किलो. पर्स न धरता.

तुझी,
द्वारका